अकरा घरांचा पडदा

पाण्यावर मात करणं ही माणसाची सर्वांत जुनी आकांक्षा आहे. तिच्यापायी त्याने धरणं बांधली, गलबतं हाकारली, खाड्या बुजवून शहरं वसवली. खडकदांडवाडीत हीच आकांक्षा जरा खालच्या पातळीवर होती. वाडीखालच्या पऱ्याचं, म्हणजे ओढ्याचं, पाणी राजूच्या पिकअपच्या डेल्कोवर उडू नये, एवढंच तिचं म्हणणं होतं.

डेल्को म्हणजे पेट्रोलच्या इंजिनातली काळ्या टोपीची डबी. एकेका प्लगला पाळीपाळीने ठिणगी वाटून देणं हे तिचं काम. वाटप करणाऱ्या कुठल्याही खात्यासारखी तिची प्रकृती नाजूक होती. जरा ओल लागली की वाटप बंद, आणि गाडी आहे तिथे उभी.

वाडी पोलादपूरच्या वर, उमरठच्या अंगाला, डोंगराच्या एका सोंडेवर होती. घरं अकरा, सगळी धनगरांची. जनगणनेला आलेल्या मास्तरांनी माणसं अठ्ठावन्न आणि जनावरं एकशे बारा मोजली, तेव्हा वाडी मुळात कोणाची आणि भाडेकरू कोण हे कायमचं ठरून गेलं. पुढे वाडीला रस्ताही मिळाला. कागदावर तो डांबरी होता, जमिनीवर तांबडा. पऱ्यावरची मोरी कागदावरही नव्हती, त्यामुळे तिच्याविषयी कोणाची तक्रार नव्हती.

राजू हा जनीचा मुलगा. बारा वर्षं भिवंडीला टेम्पो चालवून तो थोडं हिंदी आणि पाठीचं दुखणं एवढी कमाई घेऊन परत आला होता. दोन वर्षांपूर्वी त्याची बायको गौतमी पहिलटकरीण होती. श्रावणात कळा सुरू झाल्या. तेव्हा रस्ता व्हायचा होता. कळकाच्या दांड्याला घोंगडी बांधून डोली केली, तिच्यात गौतमीला घातलं, आणि घरटी एक माणूस खांद्याला लागला. उतरण, पऱ्या, मधला चढ, मग मोठा डांबरी रस्ता, आणि तिथून मिळेल त्या गाडीने पोलादपूर. चार तास लागले. मूल पोटातच गेलं. डॉक्टरीणबाई हातमोजे काढता काढता म्हणाल्या, अर्धा तास आधी आणायला हवं होतं. त्यांनी ते सहज म्हटलं असावं. राजूने मात्र ते वाक्य घरी आणलं आणि ते दोन वर्षं घरातून गेलं नाही.

त्या अर्ध्या तासासाठी त्याने पिकअप घेतली. कुठल्याशा खात्याने लिलावात काढलेली जुनी गाडी. खात्याने तिच्याकडून जेवढं काम घेतलं होतं त्यापेक्षा रंग जास्त वेळा दिला होता. सकाळी वाडीचं दूध पोलादपूरला न्यायचं, येताना पेंड आणि किराणा आणायचा. पण हे सगळं निमित्त होतं. गौतमीला पुन्हा दिवस गेले होते, आणि भाद्रपदात गणपतीनंतर ती मोकळी होणार होती. तोवर ही गाडी भर पावसात पऱ्या ओलांडायला शिकली पाहिजे, हे राजूचं एकमेव काम होतं.

गाडी शिकायला तयार नव्हती. आषाढात ती पऱ्याच्या मधोमध तीनदा बंद पडली. तिन्ही वेळा गोमाजीचा रेडा जुंपून ती बाहेर काढली. तिसऱ्या वेळी रेडा कोणी न बोलावता आपण होऊन पऱ्यावर आला, असं वाडीत सांगतात.

राजू महाडला रावजी मिस्त्रीकडे गेला. रावजीने बॉनेट उघडलं, पुढच्या डाव्या चाकाच्या वर हात घातला आणि तो आरपार इंजिनापर्यंत गेला. तिथे रबराचे पडदे असतात, तो म्हणाला. चाकाने उडवलेलं पाणी इंजिनावर जाऊ नये म्हणून. राजूचे पडदे उंदरांनी कधीच खाल्ले होते. नवे मिळत नव्हते, कारण ती गाडी काढणाऱ्या कंपनीलाच ती काढल्याचं आता आठवत नव्हतं. तेव्हा पडदे घरीच कर, असं सांगून रावजीने त्याला कशेडीच्या घाटात पडलेल्या एका ट्रकचं चाकामागचं जाड रबर दिलं आणि एकच ताकीद दिली. ती त्याने बोट रोखून दिली.

“हे बघ, खाली चार बोटं मोकळी सोड. पुढून गार वारा आत येतो, गरम वारा खालून जातो. तो दरवाजा बंद केलास तर इंजिन नाही, भट्टी होईल.”

राजूने साबणाच्या खोक्याचा पुठ्ठा चाकावरच्या पोकळीत धरून माप काढलं. त्या मापाने रबर कापलं, चुलीत सळई तापवून भोकं पाडली, आणि नटबोल्टाने डावीउजवीकडे दोन पडदे लावले. खाली चार बोटं मोकळी. मग त्याने पऱ्यातून गाडी पाच वेळा इकडून तिकडे नेली. पाणी मांडीभर होतं. डेल्को कोरडी राहिली. रेडा काठावर उभा राहून निराश होऊन परत गेला.

त्या संध्याकाळी त्याने गौतमीला सांगितलं, की आता पाऊण तास. तिने विचारलं, डांबरापर्यंत का? तो म्हणाला, दवाखान्याच्या दारापर्यंत.  त्या दिवशी गौतमीने दोन भाकऱ्या खाल्ल्या, असं जनीने शेजारी सांगितलं.

इथे ही हकिगत संपली असती तर ती सांगण्याचं काही कारण नव्हतं.

वाडीला पडद्यांचा आनंद झाला हे खरं. पण आनंद ओसरल्यावर गोमाजीला एक प्रश्न पडला. गोमाजी वाडीतला सर्वांत वडीलधारा. त्याला प्रश्न पडला की तो वाडीला पडायचाच. प्रश्न असा, की उद्या आजारी माणूस गाडीतून गेला, तर खांदा कोणाचा?

हे नीट समजून घ्यायला हवं. डोलीला घरटी एक खांदा, हा वाडीचा सर्वांत जुना कायदा. ज्या घराने खांदा दिला त्याच्या अडचणीला अकरा खांदे येणार. ज्याने दिला नाही त्याने आपला माणूस आपण न्यावा. या हिशेबावर वाडीतलं कोणीही कोणाचं मिंधं नव्हतं. भांडलेले भाऊसुद्धा एकमेकांच्या डोलीला निमूट खांदा देत आणि परतताना पुन्हा भांडत. आता गाडी आली. गाडीला खांदे लागत नाहीत. म्हणजे जो जो गाडीतून जाईल त्याला एकट्या राजूने नेलं, असं होणार.

“खांदा फिटतो रे,” गोमाजी म्हणाला. “उपकार फिटत नाय.”

राजूने परोपरीने सांगितलं, की उपकार कसला, तुमी माझ्या गौतमीला खांदा दिलात तोच मी फेडतोय. ते कोणाला पटलं नाही. माणसाला फेडून घ्यायला आवडतं, पण ते आपण ठरवू तेव्हा आणि तेवढंच. शेवटी गोमाजीनेच तोड काढली. पडद्याला प्रत्येक घराने एक तुकडा द्यावा. पडद्यात ज्याचा तुकडा, गाडीत त्याचा खांदा. सगळ्यांनी माना डोलावल्या. इतका न्याय्य निर्णय वाडीत पूर्वी झाला नव्हता, आणि इंजिनाचं मत घेण्याची पद्धत नव्हती.

दोन दिवसांत दहा घरांचे दहा तुकडे राजूच्या अंगणात येऊन पडले. सोमाने डालड्याचा डबा उघडून सपाट केलेला पत्रा दिला. चांगूने खताच्या पिशव्यांचं प्लास्टिक चार पदरी शिवून आणलं. किरणने निवडणुकीच्या बोर्डाचा पत्रा आणला, त्याच्यावर उमेदवाराचा अर्धा चेहरा होता; तो आतल्या बाजूला आला. एवढ्या वर्षांत उमेदवार वाडीच्या इतक्या जवळ पहिल्यांदाच येत होता. गोमाजीने कमावलेलं कातडं दिलं. पूनमने नवऱ्याचं इरलं आणलं. नवरा चार वर्षांपूर्वी पऱ्यातच गेला होता. इरलं तेवढं मागे राहिलं होतं, आणि ते तिने भिंतीवरून काढून पदराने पुसून आणलं होतं. ते नको म्हणायला राजूची जीभ उचलली नाही.

हे सगळं बांधायचं काम भिकूकडे आलं. भिकू वाडीतला इरली विणणारा. भातलावणीला डोक्यापाठीवर घ्यायचं बांबूच्या काड्यांचं आणि पानांचं ते पांघरूण भिकूने विणलेलं असलं, की पाणी सोडाच, वारासुद्धा आत शिरत नाही, अशी त्याची पंचक्रोशीत ख्याती होती. त्याने आयुष्यभर एकच विद्या केली होती आणि ती त्याने इंजिनाला पूर्ण लावली. बांबूच्या चिपांचा सांगाडा केला, त्यावर एकावर एक तुकडे घातले, आणि तारेने बोटाबोटावर गाठी मारत ते सगळं गाडीच्या पोटाखालून दोन्ही बाजूंना ओढून घेतलं. राजूचं रबर सर्वांत आत राहिलं. रावजीची चार बोटं कुठे होती ते आता शोधूनही सापडलं नसतं.

राजू म्हणाला, काका, इंजिनाला श्वास घ्यायला जागा ठेवा. भिकूने हातातली पक्कड खाली ठेवून त्याच्याकडे बघितलं. कामात खोट ठेव असं त्याला आजवर कोणी सांगितलं नव्हतं. गोमाजी बाजूला बसला होता. तो म्हणाला, इरल्याखाली आमी सगळी हयात काढली, आमचा कोंडला नाय तो.

“बाबा, माणसाचं येगळं, मशीनचं येगळं,” राजू म्हणाला. “हीट मारंल ना ती.”

“मारू दे की. ताप चढतो तसा उतरतो.”

राजूने मग एक हुशारी केली. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने गुपचूप सोमाचा पत्रा सोडवून गोठ्यात ठेवला. एक तुकडा कमी, तेवढीच फट. सोमा दुधाचा कॅन घेऊन आला. त्याने वाकून चाकाकडे बघितलं, बराच वेळ बघितलं, आणि कॅन न ठेवताच परत गेला. दुपारी झऱ्यावर जनीशी एकही बाई बोलली नाही. संध्याकाळी जनीने राजूला चुलीपाशी बोलावलं.

“अरे, पोरीचे दिवस भरत आले. उद्या तुजी गाडी नाय चालली तर डोलीला कोण येल?”

उत्तर राजूला येत होतं. गाडी चालावी म्हणून तुकडे काढायचे, तर गाडी न चालल्यास खांदे मिळणार नाहीत. खांदे मिळावेत म्हणून तुकडे ठेवायचे, तर गाडी चालणार नाही. त्याने रात्र होण्याआधीच पत्रा परत लावला. सगळं बांधून झाल्यावर लावला, म्हणून तो सर्वांत बाहेर आला. सोमाने सकाळी कॅन आणला आणि पावसाबद्दल दोन शब्दही बोलला.

मग सगळ्यांसमोर चाचणी झाली. पऱ्यातून गाडी राणीसारखी गेली. इंजिनावर पाण्याचा थेंब नाही. पलीकडच्या चढावर अर्ध्या वाटेत मात्र जळका वास सुटला. गाडीतला तापमानाचा काटा खात्यातच मेला होता, त्यामुळे राजू नाकावर गाडी चालवायचा. त्याने थांबून बॉनेट उघडलं, हात पोळला, रेडिएटरात घागरभर पाणी घातलं आणि अर्धा तास वाट पाहिली. मग गाडी निघाली. परत येऊन त्याने हे सांगितलं तेव्हा वाडीने ते शांतपणे ऐकून घेतलं. चार तासांच्या जागी सव्वा तास. त्यात अर्धा तास उभं राहायचं म्हणजे काय विशेष? अर्धा तास या शब्दांवर राजूचा चेहरा बदलला. पण तो फक्त गौतमीने बघितला.

त्या दिवसापासून राजूने सीटखाली एक पक्कड ठेवली. बेत साधा होता. गौतमीला घेऊन निघायचं, सगळ्यांच्या देखत पडद्यासकट पऱ्या ओलांडायचा, आणि पलीकडे वळणाआड गेलं की तारा तोडून सगळं खाली पाडायचं. परत येताना बांधून आणायचं. गणपतीनंतरची गोष्ट होती. हातात दीड महिना होता.

कळा श्रावणातच सुरू झाल्या. भर दुपारी, जेवणं उरकत असताना. एक महिना आधी. म्हातारी सुईण मैना आत जाऊन आली आणि दारात उभी राहून एवढंच म्हणाली, की मूल आडवं हाय, माज्या हातचं नाय. राजूने गाडीत गादी घातली, वर ताडपत्री ताणली. जनी आणि मैना गौतमीला घेऊन मागे बसल्या. अकराही घरची माणसं गाडीभोवती जमली होती. निघण्याआधी एकेकाने वाकून आपापल्या तुकड्याला हात लावून तो घट्ट आहे ना ते बघितलं. पूनमने इरल्याला हळद लावली. कोणाच्याही मनात वाईट नव्हतं. पुढे वाडीच्या बैठकीत हे पुन्हा पुन्हा निघालं, आणि ते खरंच होतं.

पाण्यात ढकलायची वेळ आली तर असावेत म्हणून गोमाजी, सोमा, भिकू आणि चांगू मागच्या फळीला धरून उभे राहिले. राजू नको म्हणाला. नको म्हणायचं कारण त्याला सांगता येईना.

पऱ्याला मांडीच्या वर पाणी होतं. गाडी शिरली, पाणी दिव्यांपर्यंत चढलं, इंजिन एकसारखं गुरगुरत राहिलं, आणि गाडी पलीकडे निघाली. मागून चांगूने शाबास म्हटलं. राजू वळणाआड गेला, गाडी थांबवली आणि पक्कड घेऊन उतरला. चाकाशी गुडघ्यावर बसून त्याने पहिल्या तारेला पक्कड लावली, तेव्हा सोमा शेजारी उभा होता.

“कुणाचा काढतोस?”

“हाताला लागंल त्याचा. बाजूला हो.”

“हाताला पयला माजाच लागतो.”

राजूने मान वर केली. सोमाच्या आवाजात भांडण नव्हतं. तो घाबरला होता.

“माजी पन बायको पाचव्या म्हयन्यात हाय रे राजू,” तो म्हणाला. “तू माजा खांदा सोडवलास तर तिच्या वेळंला काय करू मी? हे तिघं साक्षीला हायत.”

राजूने सांगितलं, की मी काय सोडवत नाही, परत लावणार आहे. गोमाजी म्हणाला, खांदा मधेच काढून परत देता येत नाही. डोली उतारावर असताना कोणी खांदा काढला तर काय होतं? काढायचे तर सगळ्यांचे एकदम काढ, म्हणजे कोणावर बोल नाही. ते राजूला चाललं असतं. त्याने भिकूकडे बघितलं. भिकूने गाठी मनातल्या मनात मोजल्या. नव्वद. पक्कड एक. तो म्हणाला, तासभर तरी लागेल. हे सांगताना त्याची मान खाली गेली. आयुष्यात पहिल्यांदाच त्याला आपण चांगलं काम केल्याची लाज वाटत असावी.

वाडीच्या कायद्याने राजूला विचारल्याशिवाय काढता येईल असा एकच तुकडा होता, त्याचा स्वतःचा. तो दहांच्या आत होता.

मागून ताडपत्रीतून गौतमीचा आवाज आला. ती ओरडली नाही. ती म्हणाली, “चला ना हो.”

राजूने पक्कड खिशात घातली आणि गाडीत बसला. चढ दहा मिनिटांचा होता. चाचणीत अर्ध्यापर्यंत गेली होती, आज पाऊस आहे, बॉनेटवर पाणी पडतंय, कदाचित वरपर्यंत जाईल, असा हिशेब त्याने केला असेल. करण्यासारखा दुसरा हिशेब नव्हता. वास अर्ध्या चढाआधीच सुटला. तो थांबला नाही. शेवटच्या वळणावर, वर डांबराची काळी कड दिसत असताना, इंजिनात दगड दळल्यासारखा आवाज आला आणि गाडी बसली. बॉनेटच्या फटींतून वाफ निघत होती. चांगूने ओंजळीने पाणी मारलं ते तव्यावर पडल्यासारखं उडालं. चावी फिरवली तर काहीच झालं नाही. डेल्को कोरडी ठणठणीत होती.

डोलीला दांडा नव्हता. चौघांनी गादीवरच्या घोंगडीची चार टोकं धरली आणि गौतमीला तिच्यात घेतलं. गोमाजी पंच्याहत्तरचा, तरी त्याने टोक सोडलं नाही. खांदे किती झाले, कोणाचे झाले, हे त्या दिवशी कोणी मोजलं नाही. कड्याच्या आडोशाला एका जागी मैनाने त्यांना थांबवलं आणि पाठ फिरवून उभं राहायला सांगितलं. ते पावसाकडे तोंड करून उभे राहिले. बऱ्याच वेळाने, मैनाने हातानेच वळवल्यावर, मूल जन्मलं. मुलगी होती. मैनाने तिला उलटं धरून थोपटलं, तोंडात फुंकर घातली. ती एकदा रडली, तेही हळू, जसं कोणी झोपेत कूस बदलताना कण्हावं.

डांबरावर त्यांना गाडी मिळायला चाळीस मिनिटं लागली. खडी नेणारा ट्रक होता. ड्रायव्हर भला होता, त्याने गौतमीला पुढे घेतलं. मुलीला जनीने पोलक्याच्या आत छातीशी धरलं होतं. पोलादपूरचे दिवे दिसायला लागले तेव्हा जनीने तिला बाहेर काढून बघितलं, पुन्हा आत ठेवलं, आणि गौतमीला काही सांगितलं नाही. दवाखान्यात या वेळी डॉक्टर दुसरे होते. ते वेळेविषयी काही बोलले नाहीत. राजूने विचारलंही नाही.

गौतमीचं रक्त थांबेना म्हणून तिला तसंच पुढे महाडच्या दवाखान्यात पाठवलं. ती जगली.

वाडीत दुसऱ्याच दिवशी बैठक बसली. तोवर रावजी मिस्त्रीला आणून गाडी दाखवून झाली होती. त्याने पडदे कापून खाली पाडले, तुकडे एकेक करून रस्त्याच्या कडेला मांडले, आणि डोकं धरून दगडावर बसला. कोणामुळे झालं, असं त्याला विचारलं गेलं. तो म्हणाला, एखादा काढला असता तरी भागलं नसतं, पाच-सहा काढले असते तर भागलं असतं. कोणते पाच-सहा? कोणतेही. हे उत्तर वाडीला फार जड गेलं. दोषी एक असता तर त्याला वाळीत टाकता आलं असतं. सगळे असते तर देवाला कोंबडं देता आलं असतं. कोणतेही पाच-सहा, याच्यावर वाडीकडे उपाय नव्हता. दिवसभर चर्चा झाली. कातडं श्वास घेतं, असं गोमाजीच्या बाजूने कोणी म्हणालं. प्लास्टिक घेत नाही, यावर चांगूने तोंड फिरवलं. पूनम कोणाशी न बोलता इरल्याचे तुकडे ओटीत घालून घरी गेली. शेवटी दोष सगळ्या घरांनी सारखा उचलायचा, असं ठरलं. घरटी एक वाटा. राजूच्या घराचाही एक धरला होता.

तिसऱ्या दिवशी दहा घरचे दहा जण पऱ्या ओलांडून, चढ चढून, मिळेल त्या गाडीने महाडला आले. सगळ्यांनी धुतलेली पागोटी बांधली होती. बाळंतिणींच्या खोलीत पुरुषांना आत सोडत नव्हते. गोमाजीने दारातल्या आयाबाईला काय सांगितलं कोणास ठाऊक, तिने त्यांना पाच मिनिटांसाठी आत सोडलं. बाजूच्या खाटांवर दोन बायका मुलांना पाजत होत्या. त्यांनी पदर सावरून तोंडं फिरवली. राजू खाटेच्या पायथ्याशी बसला होता. तो उठला, कोणाकडे न बघता खिडकीशी जाऊन उभा राहिला.

गौतमी भिंतीला टेकून बसली होती. तिच्या हाताला सलाईन होतं. तिची छाती दुधाने ठणकत होती आणि जनीने ओल्या फडक्याने ती बांधून दिली होती. दहा जण खाटेसमोर रांगेत उभे राहिले. कोणी सांगितल्याशिवाय त्यांनी पागोटी काढून हातात घेतली. सोमा रांगेच्या टोकाला होता, त्याला खाटेकडे बघता येईना.

गोमाजीने घसा खाकरला. तो वाटेत हेच जुळवत आला असावा. तो म्हणाला, की सूनबाई, डोंगरावर वाडी वसली तेव्हापासून या वाडीने कोणाचा जीव घेतला नव्हता. वाघाने घेतले, पऱ्याने घेतले, तापाने घेतले. हा आमी घेतला. आमी चांगलं करायला गेलो, हे सांगायला आलो नाय. ते सांगून काय व्हायचं? आजपासून आमची दहा घरं तुजी देणेकरी. आमच्या माघारी आमची पोरं. तू म्हणशील तर गाव सोडून जाऊ. तू म्हणशील तर आमचे खांदे तुला कधी लागायचे नायत. आमच्याकडून तुला काय हवं ते माग गो. जीव माग. नाय म्हणणार नाय.

 पलीकडच्या खाटेवरची बाई पाजता पाजता थांबून ऐकत होती. चांगू रडत होता. राजू खिडकीशी पाठमोरा उभा होता.

गौतमीने दहाही जणांकडे एकेक करून बघितलं. 

“उतरवताना माजी एक चप्पल पडली, बाबा,” ती म्हणाली. “डाव्या पायाची. शेवटच्या वळणाला असंल. कुणी त्या वाटेनं गेलात तर तेवडी बगा.”